दुखापतींची वही: आपल्या संघात किती जणांना लागतं, हे मोजायचं कसं

प्रथमोपचाराच्या सामानासाठी दोन पैसे जास्त मागायला मी प्राचार्यांकडे गेले होते. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, वर्षाला साधारण किती मुलांना लागतं हो खेळताना?" मी म्हटलं, "फार नाही, सर." पैसेही तसेच मिळाले. फार नाहीत.

बाहेर येऊन जिमखान्याच्या पायरीवर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. पाजपंढरीच्या मुलाचा घोटा, केळशीच्या मुलीचं खोखोत फाटलेलं ढोपर, कबड्डीच्या कोपऱ्यावर उभा राहणाऱ्याचा निखळलेला खांदा... दोन्ही हातांची बोटं संपली तरी गणपतीच्या आधीचंच चाललं होतं. त्याच संध्याकाळी दापोलीच्या बाजारातून एक दोनशे पानी वही आणली. तिच्यावर काय लिहायचं, कसं लिहायचं आणि लिहिलेल्यातून काय काढायचं, ते इथे सांगते. मी एका कॉलेजात क्रीडाशिक्षिका आहे, डॉक्टर नाही. कॉलेजच्या दिवसांत खोखो खेळले आहे. डावा घोटा अजून सैल आहे, तो का ते पुढे येईलच.

आधी ठरवा, 'लागलं' म्हणजे काय

हे न ठरवता वही उघडलीत तर पंधरा दिवसांत ती बंद पडेल. आमच्या जांभ्याच्या मैदानावर रोज कोणाचं ना कोणाचं ढोपर सोलवटतं. ते सगळं लिहायचं म्हटलं तर एक माणूस त्याच कामाला लागेल. माझा नियम सोपा आहे: ज्या दुखण्यामुळे दुसऱ्या दिवशी पूर्ण सराव करता आला नाही, ती दुखापत. सराव चुकला किंवा 'आज मी पकडीला येत नाही, नुसता पळतो' असं म्हणावं लागलं, तरी ती दुखापतच. बाकी खरचटणं-बिरचटणं हळद-डेटॉलवर भागवायचं.

हा नियम माझ्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, एनसीएए, १९८२ पासून आपल्या खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवते. तिथेही उपचार लागले आणि त्या दिवसानंतर निदान एक दिवस खेळावर बंधन आलं, तरच ती दुखापत धरायची अशी रीत होती. आपल्याकडे संघाबरोबर डॉक्टर नसतो, म्हणून मी उपचाराची अट सोडून दिली आणि चुकलेला दिवस तेवढा ठेवला.

किती दिवस बाहेर राहिला त्यावरून चार कप्पे करा: १ ते ३ दिवस, ४ ते ७, ८ ते २८ आणि २८ च्या वर. फुटबॉलच्या वैद्यकांनी हेच कप्पे वापरात आणले, आणि ते कुठल्याही खेळाला चालतात.

मुलं काय म्हणतात ते तसंच लिहा

वहीत 'लिगामेंट इंज्युरी' असं लिहायचा मोह होतो. आवरा. आपल्याला ते दिसलेलं नसतं. मूल जो शब्द वापरतं तो लिहा, कारण त्या शब्दात बरीच माहिती असते.

'मुरगळला' म्हणजे बहुतेक घोटा, आणि पाय आत वळलेला. 'लचकली' म्हणजे कंबर किंवा मान. 'चमक मारली' किंवा 'उसण भरली' म्हणजे स्नायू, एकाएकी धरलेला. 'गोळा आला' म्हणजे पोटरी, आणि ती बहुधा ऑक्टोबरच्या उन्हात. 'ठणकतंय' म्हणजे आत सूज किंवा पू, दुर्लक्ष करायचं नाही. 'टक् झालं, मॅडम' हे गुडघ्याबद्दल कानावर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि 'काय नाय ओ मॅडम, जरासं' हे वाक्य आलं की समजायचं, जरासं नाही.

नडगीचा कप्पा वेगळा ठेवा. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, म्हणून आम्ही व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर पळवतो. महिनाभरात दोघी-तिघी नडगी चोळत बसलेल्या असतात. हे दुखणं एका दिवसात होत नाही. त्यामुळे 'कधी लागलं' या रकान्यात काय लिहावं ते मुलींना कळत नाही. तिथे 'हळूहळू' लिहायचं आणि पहिल्यांदा सराव सोडावा लागला ती तारीख घालायची.

रकाने

तारीख. खेळ. सराव की सामना. काय करताना (चढाई, पकड, खुंट, सूर, नुसतं पळताना). कुठला अवयव, उजवा की डावा. मुलाचा शब्द. जमीन कसली होती: माती, मॅट, फरशी. त्याच जागी आधी लागलं होतं का. परत पूर्ण सरावाला आला ती तारीख. एवढंच. मी पहिल्या वर्षी सतरा रकाने आखले होते. सहा कधीच भरले गेले नाहीत.

'त्याच जागी आधी लागलं होतं का' हा रकाना कधीही गाळू नका. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते. हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी उपान्त्य सामन्यात माझा घोटा गेला. रात्री क्रेप बँडेज करकचून बांधलं आणि सकाळी अंतिम सामना खेळले. जिंकलो. त्यानंतर त्याच घोट्याने मला किती वेळा जमिनीवर आणलं त्याचा हिशोब नाही. तेव्हा वही नव्हती ना.

लिहायचं कोणी? प्रशिक्षकाने नाही. मुलं प्रशिक्षकापासूनच लपवतात. राखीव खेळाडूंपैकी एखादी चौकस, आकडेमोड आवडणारी मुलगी निवडा. आमच्याकडे ती 'चित्रगुप्त' म्हणून ओळखली जाते.

दुखापतींपेक्षा हजेरी महत्त्वाची

इथे बहुतेक जण चुकतात. मीही चुकले. पहिल्या वर्षी मी नुसत्या दुखापती लिहिल्या आणि शेवटी निष्कर्ष काढला की खोखोपेक्षा कबड्डीत जास्त लागतं. मग लक्षात आलं, कबड्डीवाले आठवड्यातून पाच दिवस येत होते आणि खोखोच्या मुली तीन दिवस. जो जास्त वेळ मैदानात असतो त्याला जास्त लागणारच. पन्नास माणसं एका होडीत आणि पाच दुसरीत असताना 'पहिल्या होडीतली जास्त माणसं भिजली' म्हणण्यासारखं झालं ते.

म्हणून रोज हजेरी हवी. एक खेळाडू एका सरावाला किंवा एका सामन्यात उतरला की एक 'उतरणं' धरायचं. सामन्यात जो प्रत्यक्ष कोर्टात गेला त्याचंच मोजायचं. बाकावर बसून पाणी देणाऱ्याचं नाही. मग

दुखापती ÷ उतरणी × १०००

म्हणजे दर हजार उतरण्यांमागे किती, ते निघतं. सराव आणि सामने वेगवेगळे काढा, कधीही एकत्र करू नका.

समजा कबड्डीचा संघ १४ जणांचा आहे आणि आठ आठवडे, आठवड्याला पाच सराव झाले. सगळे रोज आले असते तर ५६० उतरणी झाली असती. पण कोणाची एसटी चुकते, कोणाची परीक्षा असते. हजेरीची बेरीज भरली ४७०. सरावात ५ दुखापती. ५ ÷ ४७० × १००० म्हणजे १०.६. सामने झाले सहा, प्रत्येकात दहा जण कोर्टात उतरले, म्हणजे ६० उतरणी. दुखापती २. आकडा येतो ३३.३.

आता हा ३३.३ घेऊन कोणाकडे धावू नका. त्या दोनांतली एक दुखापत झाली नसती तर आकडा १६.७ आला असता. साठ उतरण्यांवर काहीच ठरत नाही. निदान तीन मोसमांची बेरीज करा, मग बोला.

ताडून बघायला एक माप

एनसीएएच्या १९८८-८९ ते २००३-०४ या सोळा वर्षांच्या, पंधरा खेळांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या आहेत. त्यात सामन्यांमध्ये दर हजार उतरण्यांमागे १३.८ आणि सरावात ४ दुखापती निघाल्या. सामन्यात साडेतीन पटीच्या आसपास. त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या सामन्यांत तर ३५.९. निम्म्याहून जास्त दुखापती कमरेखाली, आणि सगळ्यांत एकट्या घोट्याच्या लचकण्याचा वाटा जवळपास १५ टक्के.

हे आकडे आपल्या भाषेत असे येतात: दहा जण कोर्टात उतरणाऱ्या संघाला साधारण सात सामन्यांमागे एक दुखापत. चौदा जणांच्या संघाला अठरा सरावांमागे, म्हणजे साडेतीन आठवड्यांतून, एक. तुमच्या वहीत यापेक्षा बरंच कमी येत असेल तर खूश होण्याआधी चित्रगुप्ताला विचारा, सगळं लिहिलं जातंय का.

त्या पंधरा खेळांत कबड्डी नाही, खोखो नाही. त्यामुळे ते माप तिथून उचलून जसंच्या तसं आपल्यावर लावू नका. पण त्याच नोंदींतला एक आकडा वाचला आणि मी माझी वही पुन्हा उघडली. मोसम सुरू होण्याआधीच्या सरावात त्यांच्याकडे दर हजारी ६.६ दुखापती होत होत्या. मोसम चालू असताना सरावात २.३, आणि मोसमानंतरच्या सरावात १.४. खेळाडू तेच, मैदान तेच. फरक एवढाच की सुट्टीवरून आल्या आल्या अंगावर एकदम काम पडतं.

आमच्याकडची सुट्टी म्हणजे गणपती

वहीतल्या तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या. एकीकडे विरळ, एकीकडे दाट. दाट कुठे? गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात. कोकणात त्या दिवसांत सरावाला माणूस मिळत नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही करू नये. घरोघर आरत्या, भजन, रात्रभर जाखडी नाच. मुलं दहा दिवस मोदक खातात, जागतात. परत येतात तेव्हा विभागीय स्पर्धा तोंडावर असते. मग आम्ही शिक्षक काय करतो? 'दहा दिवस बुडाले' म्हणून दुप्पट पळवतो. मांडीला चमक, पोटरीला गोळा, घोटा. मीच ती माणसं जायबंदी करत होते आणि वर 'हल्लीच्या पोरांत दमच नाही' असंही म्हणत होते.

आता मी असं करते. विसर्जनानंतरच्या पहिल्या आठवड्यात वेळ निम्मा. पूर्ण जोराने पळणं नाही, अंगावर झेप नाही, सूर नाही. दुसऱ्या आठवड्यात पाऊण सराव, पकडी आणि सूर हळूहळू आत आणायचे. तिसऱ्यात पूर्ण. ज्याने गावी रोज अर्धा तास अंग हलवलं असेल त्याला थोडं आधी सोडते. त्यासाठी सुट्टीला जाताना प्रत्येकाला चार व्यायाम लिहून देते. किती जण करतात ते विचारू नका.

प्राचार्यांना पटवायला हाच कागद उपयोगी पडला. तारखांचा दाट पट्टा बघून त्यांनी स्वतःच विचारलं, "गणपतीनंतर लगेच सराव सामना का ठेवता?"

कॉलेजबाहेरचं ओझं

वही जितकी जुनी होते तितकं कळतं, की मुलाला लागतं कॉलेजात, पण त्याची तयारी बाहेर झालेली असते. जुलैत मुली कंबर धरून येतात. खोखोचा दोष काय? चार दिवस लावणीच्या चिखलात वाकून आलेल्या असतात. थंडी सुरू झाली की मुलं रविवारी गावच्या मंडळाकडून अंडरआर्म क्रिकेट खेळतात. कापलेल्या शेतातली खडबडीत जमीन, पायात चप्पल, दिवसाला चार-पाच सामने. शिमग्यात पालखी नाचवून खांदा आखडतो. हर्णैच्या मुलांना बंदरावर टोपल्या उचलायच्या असतात.

हे सगळं बंद करा असं सांगायचं नाही. सांगून होणारही नाही, आणि लावणी काय बंद करणार? फक्त सोमवारी सकाळी चित्रगुप्ताने प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा: 'शनिवार-रविवारी काय केलंस?' उत्तर हजेरीच्या बाजूला लिहायचं. ज्याने रविवारी पाच सामने खेळले त्याला सोमवारी हलकं ठेवायचं. पहिले काही आठवडे मुलं खोटं सांगतात. सोमवारी हलकं मिळतं हे कळल्यावर जरा जास्तच खरं सांगतात.

जमीन

यावर फार लिहीत नाही, प्रत्येकाला आपलं मैदान माहीत असतं. सरावाआधी पाच मिनिटं ओळीने चालत जांभ्याचे खडे वेचायचे. खोखोचे खुंट हलतात का बघायचे, डोकं गुळगुळीत आहे ना ते हाताने चाचपायचं. मातीतल्या जखमेवर आधी भरपूर पाणी आणि साबण. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे असू द्या, डॉक्टर तेच आधी विचारतात.

मॅटबद्दल मात्र दोन शब्द. आमची मुलं मातीवर वाढलेली. मातीवर पाय थोडा घसरतो आणि गुडघा वाचतो. मॅटवर बुटाचा तळवा चिकटतो. वरचं शरीर वळतं, पाऊल वळत नाही, आणि मधला गुडघा पिळला जातो. स्पर्धा मॅटवर असेल तर आधी निदान दोन-तीन दिवस मॅट मिळवा, मग ती उसनी का असेना. एकदा एका ठिकाणी आम्ही पोहोचलो तर मॅटचे जोड उसवलेले होते. संयोजकांना दाखवलं तर म्हणाले, "सगळे यावरच खेळतायत." माझ्या चढाईपटूचं बोट त्या फटीत गेलं. आता मी सामन्याआधी जोडांवरून स्वतः अनवाणी चालते. लोक हसतात, हसू देत.

वीस मिनिटं

अंग गरम करण्याबद्दल सगळेच सांगतात. मी आकडा सांगते. फिफाने तयार केलेला '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा क्रम आहे: आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं. नॉर्वेतल्या किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींवर त्याची चाचणी झाली, तेव्हा दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुष फुटबॉल संघांत (हेल्मेटवाला नव्हे, आपला नेहमीचा फुटबॉल) ४६ टक्क्यांनी कमी झाल्या. साहित्य काही लागत नाही. लागते ती चिकाटी, कारण आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही. निदान दोन-तीनदा तरी हवं.

त्यातला एक व्यायाम खोखोसाठी मी कधीच चुकवत नाही. गुडघे मऊ जमिनीवर टेकायचे, मागून जोडीदाराने दोन्ही घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, अगदी तोल जाईपर्यंत. मग हातांवर पडायचं. मांडीच्या मागच्या स्नायूला हा व्यायाम धरतो. चौकोनात उकिडवी बसलेली मुलगी 'खो' मिळताच झटक्यात उठून पळते, तेव्हा हाच स्नायू दगा देतो. हा व्यायाम नेमाने करणाऱ्या संघांत मांडीच्या मागच्या दुखापती निम्म्यावर आल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. सुरुवात तीन-चार वेळांपासून करा. दुसऱ्या दिवशी मुली जिना उतरताना तुमच्या नावाने खडे फोडतील.

उशिरा येणाऱ्याचं काय? केळशीची एसटी उशिरा आली की ती मुलगी दप्तर टाकून थेट कोर्टात घुसते. मैदानाबाहेर तिने एकटीने दहा मिनिटं तरी करायचीच, असा नियम ठेवा आणि कर्णधारालाही लावा.

लागलंच तर

आधी बर्फ. आमच्याकडे बर्फ हर्णैच्या बंदरातून येतो, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, बांगड्याच्या वासासकट. कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, कातडीला थेट लावायचा नाही. बर्फ मीठ घातलेला आहे का ते विचारून घ्या. मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो आणि कातडी अक्षरशः भाजते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदरातला बर्फही मिळेनासा होतो. तेव्हा कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी गोठवून ठेवा.

मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये सोपे नियम दिले, ते शिक्षकालाही समजतात. मूल स्वतःच्या पायावर चार पावलं टाकू शकतं का? लंगडत चाललं तरी चालेल, पण चार. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटरमध्ये बोटाने दाबल्यावर कळ येते का? करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर जे हाड टोचतं तिथे? किंवा पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वर? चार पावलं जमली नाहीत किंवा यातल्या कुठल्याही हाडावर कळ आली, तर एक्स-रे. नुसत्या सुजेवर जाऊ नका. सूज भोपळ्याएवढी आणि हाड धड, असं अनेकदा होतं.

गुडघ्यात 'टक्' आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा फुगला, तर आत लिगामेंट तुटलेलं असू शकतं. खेळ बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. इथेच हाडवैद्य आडवे येतात. आंबेहळदीचा लेप लावला तर मी काही म्हणत नाही, उबेने बरं वाटतं. पण सुजलेला गुडघा किंवा निखळलेला खांदा ओढून 'बसवायला' कोणालाही देऊ नका. घरच्यांना हे सांगताना आवाज चढवू नका. त्यांच्या वडिलांचा हात त्याच माणसाने बसवलेला असतो.

डोक्याला लागलं तर वाद नाही. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, गुण किती झाले ते आठवत नाही, डोकं दुखतंय, गरगरतंय, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी परत कोर्टात नाही, अंतिम सामना असला तरी. उलट्या होत राहिल्या, गुंगी वाढत गेली, झटका आला, तर थांबायचं नाही, गाडी काढायची. नंतर परत येतानाही पायऱ्या असतात: एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, हलकं पळणं, एकट्याचा सराव, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पकड. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि डोकं पुन्हा दुखलं तर एक पायरी खाली.

परत कधी घ्यायचं

दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. घोट्यासाठी मी एवढं बघते: दुखऱ्या पायावर एकट्याने, डोळे मिटून काही सेकंद उभं राहता येतं का. त्याच पायावर दहा लंगडी उड्या, आणि त्या दुसऱ्या पायाइतक्या लांब पडतात का. लंगडी आपल्याकडे येत नाही असं कोणी नसतं, त्यामुळे ही परीक्षा मुलांना खेळच वाटते. शेवटी पूर्ण वेगात आठाच्या आकड्यात पळणं. जमलं तर परतीची तारीख वहीत. नाही जमलं तर रडारड झाली तरी नाही.

लपवाछपवी

मुलं जागा जाईल म्हणून लपवतात, पोलीस भरतीत खेळाचं प्रमाणपत्र चालेल म्हणून लपवतात. मुलींचं कारण वेगळं असतं. अंजर्ल्याच्या एका मुलीने मनगट आठवडाभर ओढणीत लपवलं. मी रागावले तेव्हा म्हणाली, "मॅडम, घरी कळलं तर आई म्हणेल, झालं तुझं खेळणं, आता घरात बस." ओरडायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

तेव्हापासून मोसमाच्या सुरुवातीलाच पालकांना बोलावते, चहा पाजते आणि वही दाखवते. वहीत लिहिल्याने मुलीचा खेळ बंद होणार नाही, उलट ती लवकर परत येईल, हे त्यांच्यासमोर सांगते. परत आलेल्यांच्या तारखा दाखवते. बहुतेक कप्पे १ ते ३ आणि ४ ते ७ दिवसांचे असतात. ते बघून आयांचा जीव जरा खाली बसतो. मुलींची नावं मात्र झाकून दाखवते, गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्या मुलीची आईही आली होती. निघताना हळूच म्हणाली, "हिच्या नावापुढे काय लिवलंय ता मला एकदा वाचून दाखवा."

आता उरलं वहीचं. जूनमध्ये जिमखान्याच्या कपाटात वही ठेवलीत तर ऑगस्टपर्यंत तिच्यावर बुरशी धरते आणि निळ्या शाईचे आकडे पसरतात. बॉलपेनने लिहा. दर शनिवारी पानाचा फोटो काढून चित्रगुप्ताने दोघांना पाठवायचा. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, आणि डबा कपाटात नाही, ऑफिसात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी ठेवायचा. तिथे ऊब असते.